विनोदी मालिकांचा निर्माता पुढे वाहिनीचा यशस्वी प्रमुख झाल्याचे उदाहरण आहे का?

अमेरिकेतील ग्रँट टिंकर हे माझ्या मते याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९६९ मध्ये त्यांनी पत्नी, अभिनेत्री मेरी टायलर मूर यांच्यासह एमटीएम एंटरप्रायझेस ही निर्मितीसंस्था काढली आणि लेखकांच्या कामात ढवळाढवळ न करण्याचे पथ्य पाळले. १९८१ मध्ये ते एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीचे प्रमुख झाले, तेव्हा ती तीन मोठ्या वाहिन्यांत तळाला होती. १९८२ साली सुरू झालेली ‘चिअर्स’ ही विनोदी मालिका पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या यादीत जवळजवळ शेवटी असूनही त्यांनी आणि कार्यक्रमप्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ यांनी ती चालू ठेवली (इतका धीर आज क्वचितच दिसतो), आणि १९८४ मध्ये ‘द कॉस्बी शो’ आल्यावर गुरुवारचा प्रेक्षक एनबीसीकडे वळला. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने एनबीसीची मालक कंपनी आरसीए विकत घेतली, त्याच वर्षी टिंकर यांनी पद सोडले.