कुसळ, मुसळ आणि तुझा तो रील

प्रिय बाळ, जय ख्रिस्त.

तू पाठवलेला, मूर्तिपूजेची टिंगल करणारा रील बघितला, दोनदा बघितला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा हसूच आलं, तुझं टायमिंग चांगलंय. दुसऱ्यांदा मात्र मी तुझ्या शेजारच्या त्या मित्राच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला, ज्याच्या घरी तू दहावीत अभ्यासाला जायचास, आणि मग पोटात जरा कालवलं. तू विचारलंयस की काका, बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने पण टिंगल केलीच की, मग आपण केली तर काय बिघडलं?

केली ना. बायबलच्या 1 राजे पुस्तकात, 18व्या अध्यायात, तो बआल नावाच्या दैवताच्या संदेष्ट्यांना सरळ म्हणतो की अजून मोठ्याने ओरडा, तुमचा देव विचारात असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. पण बघ, समोर कोण होतं? साडेचारशे जण, अहाब राजाच्या ईजबेल राणीच्या पंक्तीला जेवणारे, आणि हा एकटा, जिवावर उदार झालेला. शिवाय तो आपल्याच लोकांशी, इस्राएलशी भांडत होता. तू कुणाशी भांडतोयस? मित्राची आई काही अहाब राजा नाही रे. आता तू म्हणशील की महाराष्ट्रात आपण 2011 च्या जनगणनेत एक टक्कासुद्धा भरलो नाही, मग दुबळे तर आपणच. बरोबर, पण म्हणून त्या बाईच्या देवघराकडे बघून हसायचा परवाना मिळत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, तोंड पोळलंय म्हणून सांगतोय. कॉलेजात असताना एका जिवलग मित्राकडे गणपतीत जेवायला गेलो होतो, नुकतंच यशया 44 वाचलेलं, तो सुतार अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करतो ते, आणि मी पाटावर बसून तोच जोक मारला, वर स्वतःच हसलो. त्याची आई तेव्हा माझ्या पानातल्या मोदकावर तूप सोडत होती. ती काही बोलली नाही. धार पूर्ण सोडली, आणखी एक मोदक वाढला आणि आत गेली. मित्र त्यानंतरही भेटायचा, चहा प्यायचा, क्रिकेटवर बोलायचा, पण येशूबद्दल त्याने परत एकदाही विचारलं नाही, आणि त्याच्या आधी तो रोज विचारायचा. मुद्दा माझा बरोबर होता की नाही यावर मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःशी वाद घातला, पण तो मोदक काही डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणजे तोंड सुतकी करून साक्ष द्यायची का? अजिबात नाही! डोळ्यातलं कुसळ आणि मुसळ हा सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाचा, म्हणजे येशूचा, विनोद आहे, आपल्याला म्हणीसारखा पाठ झालाय म्हणून हसू येत नाही इतकंच. मुरकूट गाळता आणि उंट गिळता, हे पण त्याचंच. पण त्याची धार शास्त्री-परूश्यांवर, धर्माचं दुकान चालवणाऱ्यांवर. विहिरीवर भेटलेल्या, परक्या जमातीच्या शोमरोनी बाईशी कसा बोलतो ते योहान 4 मध्ये परत वाच. टोमणा तीच मारते, तू काय आमच्या बाप याकोबापेक्षा मोठा लागून गेलास का, या अर्थाचा, आणि तो उलट टोमणा मारत नाही, पाण्याबद्दलच बोलत राहतो. नथनेल तर येशूच्या गावाला, नासरेथाला नावं ठेवतो, तिथून काही चांगलं निघेल का म्हणून. त्याला येशूकडे बोलवायला आलेला शिष्य फिलिप वाद घालतो? नाही, फक्त 'येऊन पाहा' म्हणतो.

आणि घरचंच उदाहरण हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळक. 1895 साली तिच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचा संसार विस्कटला, पुढे 1900 मध्ये तिने स्वतः घेतला, मधली वर्षं किती रडण्याची असतील. तरी 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, कारण ती हसते ती स्वतःला, वडिलांच्या सोवळ्याला, नवऱ्याच्या विसराळूपणाला. ज्यांच्यावर तिचा जीव होता त्यांनाच. म्हणून तर ते पुस्तक चर्चच्या बाहेरही घराघरात वाचलं जातं. टिळक स्वतः सांगायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तू त्या पुलावर उभा राहून खालच्या फळ्या उचकटतोयस असं मला वाटतं, स्पष्ट बोलतोय, राग मानू नकोस.

आता ऑफिसातला किस्सा. एकदा डबा खाताना एक जण म्हणाला, काय हो, बाटायचे किती मिळाले? दोन मिनिटं डोकं तापलं होतं. मग म्हटलं, पणजोबांना मिळाले असतील तर त्यांनी वाटून टाकले वाटतं, नाहीतर मी आज एसटीला लोंबकळत आलो असतो का? सगळे हसले, तोही हसला, आणि संध्याकाळी स्टँडवर तोच हळूच विचारायला लागला की मग तुम्ही लोक खरंच का गेलात. त्या दिवशी माझ्या दोन बस सुटल्या.

रील डिलीट कर म्हणून मी सांगणार नाही, तू लहान नाहीस. पण पुढचा करशील तेव्हा आपल्या कमिटीच्या मीटिंगवर कर ना, नाताळच्या हिशोबावरून होणारी भांडणं, दीड तासाचं प्रवचन, पहिल्या बाकावर बसायला कुणीच तयार नसतं ते. मटेरियल भरपूर आहे, मी स्वतः देतो, माझ्या प्रार्थनेची नक्कल केलीस तरी चालेल.

आणि त्या मित्राने रीलखाली नुसता अंगठा टाकलाय, बघितलंस का? त्याला आज फोन कर. रविवारी उपासनेनंतर काकूने मटण करायचं ठरवलंय, येत असेल तर त्यालाही घेऊन ये, खात नसेल तर आधी कळव, बटाट्याची भाजी करू.

तुझा,
काका