वही बंद करा आधी

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बीसीएच्या पहिल्या वर्षाला. दुकानाचा हिशोब ज्यावर चालतो त्याच ४ जीबी रॅमच्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायच्या काळ्या खिडक्या, कधी सीएमडी, कधी पॉवरशेल, कधी गिट बॅश, उघडून बसतो, सहा महिने झाले तरी एकावर टिकत नाही. "आम्ही पॉवरशेल ठरवलंय, ४० हजारांचा क्लासपण बघून ठेवलाय, बरोबर ना?"

साहेब, ते नंतर बघू. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री दुकान बंद करून आलात की त्याच्यामागे खुर्ची टाकून बसता आणि आज किती कमांड आल्या ते वहीत टिपून ठेवता. कसंतरीच झालं मला वाचून. पाढे आहेत का ते? मागे कुणी मोजत बसलं की पोरगं चुकायला घाबरतं, आणि या काळ्या स्क्रीनवर चुकल्याशिवाय कुणाला काही येत नाही, मला तर नाहीच आलं. पत्रात "आम्ही ठरवलंय" चार वेळा आहे, त्याला काय हवंय ते एकदाही नाही.

आता पॉवरशेल म्हणजे सीएमडीचीच नवी आवृत्ती, ती आली की बाकीचं आपोआप येतं, हे डोक्यातून काढा. २००६ साली आलेलं पॉवरशेल एका कमांडकडून दुसरीला फाइलचं नाव, साइज, तारीख असे वेगवेगळे कप्पे करून देतं, लिनक्सच्या, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टीमच्या, बॅशमध्ये (गिट बॅश म्हणजे तेच, विंडोजवर चालणारं) नुसता मजकूर जातो, कप्पे आपले आपण पाडायचे. विचार करायची पद्धतच वेगळी. तुम्ही म्हणता तो एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) लिहितो ते चालतं आणि एलएस डॅश एलए लिहिलं की लाल एरर येते, "अजून कच्चा आहे". कच्चा नाही हो तो! विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एलएस हे नुसतं टोपणनाव आहे, आत कमांड दुसरीच, तिला हे डॅश एलए कळतच नाही.

मला विचाराल तर बॅश, कारण सर्व्हरवर गाठ बहुतेक लिनक्सशीच पडते. ४ जीबीवर डब्ल्यूएसएल टू, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, रडतखडत चालेल, तेव्हा आत्ता गिट बॅश पुरे, रॅम वाढवली की त्यात उबंटू हे लिनक्स टाकू दे. विंडोज सर्व्हरचं काम मिळालं तर पॉवरशेल तेव्हा शिकेल. पुढे लिनक्सचं सर्टिफिकेट हवं असेल तर रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही मशीनवर करून दाखवायची परीक्षा आहे, घोकून जमत नाही.

क्लास नको. त्यातल्याच थोड्या पैशात एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, टॅलीचा बॅकअप रोज त्यावर घ्या आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा, कारण आरएम या फाइल उडवायच्या कमांडने उडवलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, कायमचं जातं. पोराला वेगळं युजर अकाउंट करून द्या, अ‍ॅडमिन नसलेलं. काळजीच करायची तर ही करा.

आणि ताजा कलममध्ये वैतागून लिहिलंत की ताईच्या लग्नाचे दीड हजार फोटो त्याने एका झटक्यात तारखेप्रमाणे लावले, "असल्या खेळात वेळ घालवतो". अहो, अख्ख्या पत्रात कामाची गोष्ट हीच एक! ते त्याने बॅशमध्ये केलं की पॉवरशेलमध्ये, ते मात्र तुम्ही लिहिलंच नाही. विचारा आज रात्री. वही न घेता.