जपानहून आलेली सुबारू घेऊ का?

प्रश्न: मी ऑकलंडला नोकरी करतो. जपानहून आलेली २००५ची सुबारू इम्प्रेझा एसटीआय बघितलीये, एकदम चकाचक आहे, मालक म्हणतो फार चाललेली पण नाही. घेण्याआधी काय बघू?

उत्तर: चकाचकवर जाऊ नका. आधी जपानमधल्या लिलावाची शीट मागा, त्यावर गाडीला ग्रेड दिलेली असते, आर किंवा आरए असेल तर गाडी ठोकून दुरुस्त झालीये असं समजा, आणि शीटवरचे किलोमीटर मीटरशी ताडून बघा. इंजिन मात्र थंड असतानाच चालू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर मला तरी तिथेच शंका येईल, कारण काही बिघाडांचे आवाज थंड इंजिनातच कळतात. ह्या टर्बो इंजिनात पिस्टनची रिंगांमधली कड तुटणं हा जुना आजार आहे, कोणी बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवून पळवली असेल तर जास्तच, म्हणून चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का आणि हवा कुठून गळते का ते बघणारी) करून घ्याच, इथे पैसे वाचवू नका. टायमिंग बेल्ट साधारण १ लाख किलोमीटरला बदलतात, त्याचं बिल बघा, तो तुटला की व्हॉल्व्ह आपटून इंजिन जातं. सस्पेन्शन किंवा इंजिनात मोठे बदल केले असतील तर एलव्हीव्ही प्लेट (बदलांना मंजुरी मिळाल्याची पट्टी) आहे का बघा, नाहीतर वॉरंट ऑफ फिटनेसला, म्हणजे न्यूझीलंडमधल्या गाडीच्या सक्तीच्या तपासणीला, अडकाल. गाडीवर कर्ज थकलंय का ते पीपीएसआरवर (अशा कर्जांच्या सरकारी नोंदवहीत) तपासा. इन्शुरन्सचं कोटेशन पण पैसे देण्याआधीच काढा.