की वर्ड साइन शिकवायचंय, पण त्यावर करिअर होतं का?

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं, की नाशिकला बी.ए. बी.एड. झालं, मिस्टरांच्या जॉबमुळे तिकडे गेल्या, व्हिसा अजून टेम्पररी आहे, पीआरचा अर्ज टाकलाय, सर्टिफिकेट थ्री करून चाइल्डकेअरमध्ये लागल्या. त्यांच्या रूममध्ये डाउन सिंड्रोम असलेला एक छोटा मुलगा आहे, त्याच्यासाठी सेंटरने सगळ्या स्टाफला की वर्ड साइनचं (बोलता बोलता महत्त्वाच्या शब्दांना हाताने खूण करायची पद्धत) वर्कशॉप दिलं आणि ताईंना ते इतकं आवडलं की आता हेच लोकांना शिकवायचं म्हणतायत. विचारतायत, ट्रेनर होता येईल का, त्यासाठी डिप्लोमा ऑफ ऑस्लान, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या खुणांच्या भाषेचा डिप्लोमा, करू का, आणि बी.एड. वाया गेलं का. शिवाय सासूबाई म्हणतात, "एवढं शिकून आता हातवारे शिकवणार? आणि खुणा शिकवल्या तर ते पोर बोलेल कशाला?"

ताई, आधी कडू गोष्ट सांगते. नुसत्या की वर्ड साइनवर घर चालत नाही. "की वर्ड साइन टीचर पाहिजे" अशी जाहिरात शोधत बसलात तर हाताला फारसं काही लागणार नाही, कारण हे दुसऱ्या कामाच्या जोडीला येणारं स्किल आहे. स्पीच पॅथॉलॉजिस्ट (बोलण्याच्या अडचणींवर काम करणारे), स्पेशल स्कूलची टीचर, शाळेतली एज्युकेशन सपोर्टवाली, डिसॅबिलिटी सपोर्ट वर्कर, ही मंडळी ते वापरतात आणि त्यातलेच काही पुढे शिकवायला लागतात. तिकडे याचं सगळं की वर्ड साइन ऑस्ट्रेलिया ही संस्था बघते, वर्कशॉप घेणारे त्यांचे लायसन्स असलेले प्रेझेंटर असतात, म्हणजे आधी बेसिक वर्कशॉप, मग रोजच्या कामात भरपूर वापर, मग प्रेझेंटरचं ट्रेनिंग. आत्ता काय अटी आहेत ते त्यांना मेल करून विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका (फेसबुक ग्रुपवर तर अजिबातच नको).

आता ऑस्लानचा डिप्लोमा. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ऑस्लान ही तिथल्या बधिर लोकांची पूर्ण भाषा आहे, तिचं व्याकरण वेगळं, वाक्याची बांधणी वेगळी. की वर्ड साइनमध्ये तुम्ही तुमचं वाक्य तोंडाने पूर्णच बोलता, फक्त त्यातल्या महत्त्वाच्या शब्दांना ऑस्लानमधली खूण करता, "तुला पाणी पाहिजे का" म्हणताना पाणी आणि पाहिजे एवढ्याच दोन खुणा. ही पद्धत मुख्यतः ज्यांना ऐकू येतं पण बोलायला किंवा समजायला अडचण आहे त्यांच्यासाठी, म्हणजे डाउन सिंड्रोम, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरे. डिप्लोमा हा इंटरप्रिटिंगकडे, म्हणजे दुभाष्याच्या कामाकडे जाणाऱ्यांचा रस्ता आहे, पुढे नाटीचं (दुभाष्यांना प्रमाणित करणारी तिथली संस्था) सर्टिफिकेशन वगैरे. तुम्हाला बधिर समाजासोबत काम करायचं असेल तर जरूर करा, पण पत्रावरून तसं वाटलं नाही मला. खुणा नीट बसाव्यात म्हणून ऑस्लानचा एखादा छोटा कोर्स बधिर शिक्षकाकडे करा, आणि ऑस्लान साइनबँक ही खुणांची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथे व्हिडिओ बघून खूण तपासायची सवय लावून घ्या. आणि वर्कशॉप केलंय म्हणून "मी ऑस्लान शिकवते" असं बायोडेटात चुकूनही लिहू नका, तिथे लोकांना ते खटकतं आणि बरोबरच आहे त्यांचं.

सासूबाईंची शंका जगभरातल्या आयांना असते, त्यांच्यावर रागवू नका. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी यावरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले, त्यात खुणा किंवा चित्रांसारखी साधनं दिलेल्या लोकांपैकी ज्या २७ जणांची नोंद भरवशाची होती त्यातल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंसंच, पण वाढलं. हे त्यांना मराठीत सांगा. आणि हो, मला तर तुमचं मराठीच जमेची बाजू वाटते! घरात मराठी किंवा पंजाबी आणि सेंटरमध्ये इंग्लिश अशा मुलाला दोन्हीकडे "दूध"ची खूण एकच राहते, शब्द बदलला तरी हात बदलत नाही. अशा घरातल्या आई-आजीला त्यांच्या भाषेत हे समजावणारं माणूस सेंटरला सहज मिळत नाही, ते तुम्ही होऊ शकता, आणि त्यासाठी कुठलं लायसन्स लागत नाही, सेंटरच्या डायरेक्टरशी बोलून आठवड्याला दोन-तीन खुणा पालकांना दाखवायला लागा.

बी.एड. वाया गेलेलं नाही. व्हिक्टोरियात शाळेत शिकवायचं तर व्हीआयटीचं (तिथली शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था) रजिस्ट्रेशन लागतं, ते तुमची डिग्री तपासतात, इंग्लिशची परीक्षाही मागतात, आयइएल्टीएस अकॅडमिकमध्ये बोलणं-ऐकणं ८ आणि वाचणं-लिहिणं ७, जरा अवघडच आहे. तोवर एज्युकेशन सपोर्टचं सर्टिफिकेट करून स्पेशल स्कूलमध्ये शिरलात तर की वर्ड साइन रोज वापरायला मिळेल.

मग स्पीच पॅथॉलॉजीचीच डिग्री करावी असं वाटेल, पण ते आत्ता डोक्यात घेऊ नका. टेम्पररी व्हिसावर इंटरनॅशनल फी बसते. पीआर झाल्यावर सरकारी सवलतीच्या सीटला अर्ज करता येतो, पण सरकारचं फी-लोन साधारणपणे सिटिझन झाल्यावरच मिळतं, म्हणजे सवलतीची असली तरी फी खिशातूनच भरायची, हा हिशोब घरी आधी मांडा.

भारतात परतायचं मनात असेल तर ऑस्लानच्या खुणा इकडे चालणार नाहीत, इकडे इंडियन साइन लँग्वेज, दिल्लीच्या सरकारी संस्थेच्या डिक्शनरीत २०२१ पासून १०,००० शब्द आहेत. पद्धत मात्र तीच कामाला येते, आयर्लंडवाल्यांनीसुद्धा "लाव" (Lámh) नावाने असंच काम त्यांच्या देशातल्या खुणा घेऊनच उभं केलंय. पण इकडे नोकरीत आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन विचारतात, तेव्हा परत यायचं नक्की असेल तर तसं कळवा, मग स्पेशल बी.एड.चं वेगळं सविस्तर लिहिते.