स्कर्ट घालून बाहेर पडताना वाटणारी भीती

‘मी पुरुष आहे, मला स्कर्ट घालायला आवडते, घरात घालतोही, पण बाहेर पडलो की लोकांच्या नजरांनी जीव नकोसा होतो. काय करावे?’ असा प्रश्न घेऊन अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी काही तरुण येतात. उत्तरादाखल त्यांपैकी एकाचा अनुभव, त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे मांडते.

हा तिशीतला अभियंता कोथरूडला आईबरोबर राहतो. उन्हाळ्यात घरी तो घोट्यापर्यंतचा सुती स्कर्ट घालत असे, आणि आई शेजाऱ्यांना ‘लुंगी आहे’ असे सांगून मोकळी होत असे. ‘मॅडम, ही विकृती तर नव्हे?’ हा त्याचा पहिला प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात पूर्वी पेहरावाशी जोडलेली काही निदाने होती. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत ती वगळली आहेत. एवढे कळल्यावर तो विषय तेथेच संपला.

खरी तक्रार वेगळी होती. तो पहाटे तळजाई टेकडीवर स्कर्ट घालून जात होता, तरीही भीती तसूभर कमी होत नव्हती. नेमका कसा जातोस, असे विचारल्यावर उलगडा झाला: कानांत इअरफोन, नजर मोबाइलवर, आत गुडघ्यापर्यंत दुमडलेली ट्रॅक पँट आणि सॅक पाठीऐवजी पोटावर. अशा बंदोबस्तात माणूस सुखरूप परतला, तरी मन त्याचे श्रेय सॅकला देते. लोकांनी काहीच केले नाही, हे त्याच्या पदरी पडतच नाही.

युक्तिवाद त्याच्याकडे भरपूर होते. केरळचे मुंडू, स्कॉटलंडचा किल्ट, आपल्याकडच्या गोंधळ्यांचा पायघोळ झगा. असे दाखले काकांशी वाद घालायला उत्तम, पण छातीतली धडधड त्यांनी थांबत नाही.

मानसशास्त्रज्ञ गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्याला सांगितला. त्यात विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवले होते. निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच आला. अर्थात पुरुषाच्या अंगावरचा स्कर्ट टी-शर्टपेक्षा अधिक नजरेत भरणार, हे मी लपवले नाही. मात्र पाहणे, नावे ठेवणे आणि त्रास देणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्याची भीती त्यांची एकच मोट बांधत होती.

मग इअरफोन, मोबाइल, सॅक असा एकेक आधार काढायचा, निघण्यापूर्वी काय घडेल ते वहीत लिहायचे आणि परतल्यावर काय घडले ते त्याखाली लिहायचे, असे ठरले. मेट्रोच्या दिवशी त्याने लिहिले होते, ‘लोक फोटो काढतील, कोणीतरी उतरायला सांगेल.’ मोबाइल खिशात ठेवून तो वनाजपासून उभ्याने निघाला. भीती दहापैकी नऊ; गरवारे कॉलेजपर्यंत तेवढीच, पण पुणे स्टेशन मागे पडेपर्यंत ती पाचवर आली होती. पाचसहा जणांनी वरपासून खालपर्यंत पाहिले आणि एका आजींनी कापड कुठून घेतले ते विचारले. नळ स्टॉपलाच उतरला असता, तर नऊ हाच आकडा मनात घेऊन तो घरी गेला असता. म्हणून भीती ओसरेपर्यंत जागा न सोडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुढे कर्वे रस्त्यावर दुचाकीवरच्या दोन मुलांनी त्याची मोठ्याने टर उडवली. ती संध्याकाळ त्याची वाईट गेली, आणि ‘लोक काही म्हणत नाहीत’ असे खोटे समाधान मी त्याला दिले नाही. आम्ही एवढेच पाहिले की तो प्रसंग किती वेळ चालला आणि त्यानंतर त्याने काय केले. तो मंडईत गेला होता आणि ठरलेली भाजी घेऊनच परतला होता.

हल्ली तो सुट्टीच्या दिवशी निर्धास्तपणे स्कर्ट घालून फिरतो. कार्यालयात घालावा की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही आणि मीही घाई केलेली नाही. रात्री उशिरा दारूच्या दुकानापुढे टोळके उभे असते, त्या रस्त्याने मात्र तो स्कर्टमध्ये जात नाही. ही खबरदारी आहे, आणि ती सोडायला मी त्याला सांगणार नाही.