जुन्या आर्मी जीपचा वायपर चढावर थांबतो आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो, तर इंजिन उतरवायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सैन्याच्या लिलावातून हातोहात फिरत तुमच्याकडे आलेली पेट्रोल सीजे३बी जीप, मूळचं हरिकेन इंजिन. घाटात अॅक्सिलरेटर दाबला की वायपर काचेवर मधेच थांबतो, मागून निळसर धूर येतो आणि उन्हात थोडी पळवली की गाडी बंद पडते. मिस्त्री म्हणतो, रिंग-पिस्टन (म्हणजे इंजिनाचं ओव्हरहॉल) करा आणि इलेक्ट्रिक फ्यूल पंप लावून मोकळे व्हा.

माझं सांगणं एकच. इंजिनाला हात लावू देण्याआधी फ्यूल पंप (टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे पोचवणारा) उतरवून बघा. या जीपवर ही तिन्ही दुखणी त्या एका पंपातून येऊ शकतात आणि पंपाचा खर्च ओव्हरहॉलच्या तुलनेत काहीच नाही.

आधी तुमचा पंप कोणता ते ओळखा. सीजे३बीवर दोन प्रकार येत. साध्या पंपाला दोनच नळ्या असतात, पेट्रोल आत आणि पेट्रोल बाहेर. दुहेरी पंपाला चार असतात, दोन पेट्रोलच्या आणि दोन व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या. एकच रॉकर आर्म (पंपाचा दांडा) कॅमशाफ्टवरच्या एक्सेंट्रिकवर, म्हणजे केंद्र सोडून बसवलेल्या चाकीवर, चालतो आणि दोन डायफ्राम (लवचिक पडदे) हलवतो. तुमच्याकडे साधा पंप असेल आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची नळी सरळ इंजिनाच्या इनटेकला (हवा-पेट्रोल आत जाण्याच्या वाटेला) गेली असेल, तर चढावर वायपर थांबणं हा बिघाड नाही. थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) पूर्ण उघडला की इनटेकमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, मग वायपर ओढणार कोण? दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याचशा विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूवर वायपर हातानेच फिरवायचे होते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नव्हता. व्हॅक्यूमचा वायपर आला आणि त्याच्या मागोमाग पंपाचा हा दुसरा मजला, म्हणजे व्हॅक्यूमचा भाग, आला.

हा दुसरा मजला नीट समजून घ्या, कारण तुमच्या धुराचं उत्तर मला तिथेच दिसतं. आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) इनटेकचा व्हॅक्यूम भरपूर असतो. तो डायफ्रामला स्प्रिंगविरुद्ध खेचून धरतो आणि पंप नुसता बसून राहतो, वायपर इंजिनाच्याच ओढीवर चालतो. थ्रॉटल उघडून व्हॅक्यूम पडला की स्प्रिंग मोकळी होते, डायफ्राम हलू लागतो, वायपरमधली हवा ओढून इनटेककडे ढकलतो. आता बघा: त्या डायफ्रामच्या एका बाजूला इनटेकची नळी आहे आणि दुसऱ्या बाजूला रॉकर आर्मची खोली, जी थेट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑईल असलेल्या भागात) उघडते. डायफ्रामला भोक पडलं की इंजिन स्वतःच्या क्रँककेसमधली ऑईलची वाफ ओढून जाळायला लागतं. ऑईल कमी होतं, धूर निळा येतो, आयडलिंग बिघडतं आणि चढावर वायपरही मरतो. रिंग मात्र ठणठणीत असू शकतात.

तपासणी सोपी आहे. पंपाकडून इनटेककडे जाणारी व्हॅक्यूमची नळी इनटेकच्या टोकाला सोडवा आणि आत बोट फिरवा. ती कोरडी असायला हवी. बोट काळ्या ऑईलने माखलं तर डायफ्राम गेला. मग इनटेकचं तोंड नीट बुजवून गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा. सायलेन्सरमध्ये आधीच साचलेलं ऑईल जळायला वेळ लागतो, पहिल्या पाच मिनिटांत निकाल लावू नका. धूर विरत गेला तर रिंग-पिस्टनचा खर्च वाचला. धूर तसाच राहिला आणि विशेषतः लांब उतारानंतर अॅक्सिलरेटर दाबताना भपकन येत असेल, तर संशय इनटेक व्हॉल्व्हच्या गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर) घ्या. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. तेव्हा हे कामही हेड उतरवून होतं, पिस्टनपर्यंत जावं लागत नाही.

वायपरची मोटर वेगळी तपासा. आयडलिंगला झपझप चालतो आणि रेस दिली की थांबतो, तर पंपाचा व्हॅक्यूमचा भाग मेला. आयडलिंगलाच रेंगाळतो, तर मोटरच्या आतलं सील वाळलंय किंवा रबरी नळी चिरलीय.

एक व्हॅक्यूम गेज जरूर विकत घ्या. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, तिथे १४-१५ इंच दिसले म्हणून घाबरू नका. काटा ठरावीक लयीत फटकन पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सरळ कमीच दाखवत असेल तर आधी गळती शोधा. एमबीच्या गो-डेव्हिल इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड वेगळा बोल्टने बसवलेला असतो आणि त्याचं गॅस्केट फार दगा देतं. हरिकेनमध्ये इनटेकचे मार्ग हेडमध्येच ओतलेले आहेत, म्हणून गळती शोधायला कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या एवढंच उरतं. कुणाकडे खास लष्करी एम३८ए१ असेल तर त्याला जास्त शोधावं लागेल. ती पाण्यातून जाण्यासाठी बनवलेली, त्यामुळे टाकी, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, डिस्ट्रिब्यूटर यांना बाहेर उघडी भोकं न ठेवता नळ्या जोडलेल्या असतात, आणि त्यातली एखादी हमखास तुटलेली सापडते.

आता उन्हात बंद पडण्याकडे. पंप एक्झॉस्टजवळ आहे, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पंपाची ओढ असते, म्हणून आतला दाब कमी असतो आणि कमी दाबात पेट्रोलची वाफ लवकर होते. या बाजूला फट असेल तर पेट्रोल टपकत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. वाळलेली रबरी नळी आणि काचेच्या वाटीचं कडक झालेलं कॉर्क गॅस्केट आधी बदला. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे टाकीचं झाकण. बंद पडल्या क्षणी ते उघडा. फुस्स आवाज येऊन गाडी पुन्हा चालू झाली तर झाकणाला हवेची वाट नाही, चुकीचं झाकण बसलंय.

डिपस्टिकही हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑईलची पातळी आपोआप वाढली असेल, तर पेट्रोलचा डायफ्राम फाटलाय आणि पेट्रोल इंजिनाच्या तळाच्या ऑईलमध्ये उतरतंय. अशी गाडी सुरूच करू नका. बेअरिंग जातील आणि आगीचा धोका वेगळाच.

इलेक्ट्रिक पंपाला माझा विरोध आहे. मूळ पंपात कॅम फक्त ओढतो, ढकलण्याचं काम स्प्रिंग करते, म्हणून दाब अडीच ते पावणेचार पीएसआयच्या आतच राहतो. कार्बोरेटरची सुई बंद झाली की रॉकर आर्म रिकामाच हलतो. बाजारात सहज मिळणारे पुष्कळ इलेक्ट्रिक पंप याहून जास्त दाब देतात आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. शिवाय जुना पंप काढून पट्टी मारली की वायपरचा व्हॅक्यूमही गेला. लावायचाच असेल तर कमी दाबाचा, टाकीजवळ आणि ऑईल प्रेशर गेल्यावर करंट तोडणाऱ्या स्विचसह लावा. तुमच्या जीपची वायरिंग ६, १२ की २४ व्होल्टची आहे तेही आधी मोजा, लष्करी गाड्यांत यावर भरवसा ठेवता येत नाही.

पंप दुरुस्त करताना बॅटरीची तार काढा. खोलण्याआधी सगळ्या भागांवर कानशीने आडवी खूण करा, नाहीतर नळ्यांची तोंडं भलतीकडे जातात. किट घेताना इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा डायफ्राम मागा, कारण आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, आणि गोदामात पडून असलेले जुने डायफ्राम त्यात टिकत नाहीत. डायफ्रामचे स्क्रू शेवटचे आवळताना रॉकर आर्म पूर्ण दाबून धरा. तसं न केल्यास डायफ्राम ताणलेला बसतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. इंजिनाला बसवताना क्रँक फिरवून एक्सेंट्रिकची खोल बाजू पंपाकडे आणा, आर्म आपसूक जागेवर बसतो. मधलं गॅस्केट मूळ जाडीचंच ठेवा, दुप्पट घातलंत तर पंपाचा स्ट्रोक कमी होतो. हाताने पेट्रोल चढवायची लिव्हर असेल आणि ती ढिली लागली तर पंप खराब समजू नका, इंजिन थोडं फिरवून पुन्हा मारा.

नळीत बोट घालून काय निघालं आणि गेजने किती इंच दाखवले ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.