लोणा लागलेल्या भिंतीवर गुलाबी डाग का पडतात?

प्रश्न असा आहे: तळघराच्या भिंतीला बरीच वर्षं लोणा (ओलीबरोबर बाहेर येणाऱ्या क्षारांचा पांढरा थर) लागतोय, गिलाव्याचे पोपडे पडतायत, तेवढं अंगवळणी पडलं होतं. पण यंदा त्या पांढऱ्या थरावर गुलाबी, कुठे कुठे विटकरी डाग उमटले. ब्लीचने पुसले, गेले, दोन महिन्यांत परत हजर. मीठ जंतूंना मारतं म्हणतात, मग मिठातच हे काय उगवलं?

उगवलेत ते बहुधा मीठप्रेमी जिवाणू आणि आर्किया. आर्किया दिसायला जिवाणूंसारखेच, पण त्यांचं कूळ वेगळं. मी जुन्या भिंतींच्या दुरुस्तीचं काम करते. हा गुलाबी रंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा कुणीतरी ब्रश झटकला असेल असं समजून मी तो खरवडून टाकला होता, तेव्हा तुम्ही ब्लीच मारलंत यात मला नवल वाटत नाही.

आधी खात्री करून घ्या. पांढऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडा. पांढरा भाग त्यात विरघळला तर बहुतेक क्षार. बुरशी असेल तर ती नुसती भिजून चपटी होते. मग भिंग घेऊन जवळून बघा. लोण्याचे स्फटिक बारीक सुयांसारखे उभे असतात. मी पाहिलेल्या भिंतींवर रंग त्या सुयांच्या टोकाला कधीच नव्हता. होता तो बुडाशी, जिथे ओल टिकून राहते. सुटत आलेला पोपडा नखाने उचकटला की त्याच्या पाठीलाही फिकट गुलाबी झाक दिसायची.

आता मिठाचं. मीठ जंतूंना मारतं ते त्यांच्या पेशीतलं पाणी ओढून घेऊन. हॅलोमोनाससारखे जिवाणू त्यावर उपाय म्हणून पेशीत एक्टोईनसारखी निरुपद्रवी द्रव्यं साठवतात आणि बाहेरची ओढ झेलतात. हॅलोबॅक्टेरियम, हॅलोकॉकस हे आर्किया त्याहून धीट. ते पेशीतच पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात. त्यांची प्रथिनंसुद्धा खारटपणातच नीट चालतात. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात, या मंडळींना २० ते ३० टक्के मीठ मानवतं. मिठागरातलं पाणी आटत आलं की लालसर दिसतं, त्यात यांचा मोठा वाटा असतो. रंगद्रव्याचं नाव बॅक्टेरिओरुबेरिन. भिंतींवरच्या गुलाबी रंगात रुब्रोबॅक्टर नावाचे जिवाणूही बऱ्याचदा सापडतात.

भिंत म्हणजे काही मिठागर नव्हे, पण आतून तिची गत तीच होते. जमिनीतली ओल बारीक छिद्रांतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. पाणी पृष्ठभागापाशी उडून जातं, क्षार मागे राहतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि खाली आली की परत स्फटिक होतं. म्हणजे नळ गळत नसला, पाऊस लागत नसला, तरी भिंत नुसत्या दमट हवेने ओली होते. त्या वेळी स्फटिकांभोवती जी संपृक्त खाऱ्या पाण्याची फिल्म धरते, ती या जीवांसाठी पंगतच. हवा कोरडी झाली की स्फटिक वाढताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब पोटात घेतात, आणि त्या थेंबांत हे आर्किया अडकून जिवंत राहतात. पुन्हा ओल आली की पुन्हा सुरू. तुमचे डाग दोन महिन्यांत परतले ते बहुधा असेच. ते भिंतीतच होते.

नुकसान नक्की कोण करतं? यात माझं मत जरा ठाम आहे: गिलावा फोडण्याचं मुख्य काम मीठच करतं. छिद्रात स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब येतो. सोडियम सल्फेट सगळ्यात वाईट. कोरड्या स्थितीतून ते पाण्याचे दहा रेणू धरतं आणि त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. शिवाय हा बदल रोजच्या हवामानातल्याच तापमानांत, ३२.४ अंश सेल्सिअसच्या अलीकडे-पलीकडे होत राहतो. याच्यापुढे कुठलाही जिवाणू काय फोडणार!

पण जिवाणू मिठाला हातभार लावतात, आणि तो बराच असतो. ते स्वतःभोवती चिकट, बुळबुळीत थर तयार करतात. हा थर पाणी धरून ठेवतो आणि छिद्रांची तोंडं बुजवतो, त्यामुळे भिंत वाळायला उशीर लागतो. ओला झाला की फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि सैल झालेले वाळूचे कण ओढून काढतो. त्यात नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंची भर पडली तर प्रकरण आणखी चिघळतं. जुन्या तबेल्यांत, गटाराजवळच्या भिंतींत अमोनिया असतो. तो खाऊन हे जिवाणू नायट्रिक आम्ल सोडतात. आम्ल चुन्याला खातं आणि कॅल्शियम नायट्रेट तयार होतं. हा क्षार आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असली तरी पाणी ओढतो, म्हणजे तो भाग वर्षातला बराच काळ वाळतच नाही. ओला डाग दिसतो, पण गळती कुठे सापडत नाही, असं झालं की मला आधी नायट्रेटचा संशय येतो.

काँक्रीट असेल तर थोडं वेगळं. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) १२ ते १३ असतो, म्हणजे ते फार अल्कधर्मी असतं, तिथे फारसं कुणी टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून तो ९ च्या खाली आला की वस्ती सुरू होते. पण काँक्रीटमध्ये क्षार शिरले तर डागांपेक्षा सळ्यांची काळजी करा. क्लोराइडने त्या गंजतात.

हे जीव बरीच वर्षं लोकांच्या नजरेतून सुटले, त्याचं कारण मला फार मजेशीर वाटतं. भिंतीचा नमुना प्रयोगशाळेत नेहमीच्या, बिनमिठाच्या माध्यमावर वाढवायचा, काही उगवत नाही, आणि अहवाल येतो की जिवाणू नाहीत. माध्यमात मीठ घातलं तर तेच बशीत गुलाबी ठिपके देतात. ऑस्ट्रियातल्या हर्बरश्टाइन किल्ल्यातल्या सेंट कॅथरीन चॅपेलच्या भित्तिचित्रांवरून तर एक नवी जातच वेगळी काढली गेली. २००२ मध्ये तिला हॅलोमोनास म्युरालिस हे नाव मिळालं. म्युरालिस म्हणजे भिंतीचा. व्हिएन्नातलं विर्गिल चॅपेल हे मेट्रोच्या खोदकामात १९७३ मध्ये सापडलेलं जमिनीखालचं मध्ययुगीन दालन. तिथल्या खाऱ्या भिंतींवरच्या गुलाबी रंगामागेही हेच जीव निघाले. तुमचं तळघर चांगल्या संगतीत आहे.

ब्लीचचं मात्र थांबवा. सोडियम हायपोक्लोराइट रंगद्रव्य फिकं करतं, म्हणून भिंत साफ वाटते. पण काम झाल्यावर मागे उरतं ते सोडियम क्लोराइड. म्हणजे आपण भिंतीला आणखी मीठ चारतो. मीही एका तळघरात हे केलंय, आणि पुढच्या दमट हंगामात तिथला लोणा आधीपेक्षा रुंद झाला होता.

पाण्याने धुवावं का? हॅलोबॅक्टेरियमच्या पेशी गोड्या पाण्यात फुटतात हे खरं, पण हॅलोकॉकसचं कवच जाड असतं, तो तग धरतो. आणि धुतलेलं मीठ खाली वाहून जात नाही, आत मुरतं. त्यापेक्षा कोरड्या दिवशी मऊ ब्रशने लोणा झाडून काढा, खाली कागद पसरा आणि ती भुकटी बाहेर फेका. आतले क्षार ओढायला लेप लावतात: कागदाचा लगदा किंवा माती, शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीवर थापायची, वाळू द्यायची, काढून टाकायची. तीन-चार वेळा करावं लागतं आणि कंटाळा येतो. त्याआधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा, नाहीतर लेप पंपासारखा नुसती नवी ओल आणि क्षार ओढत बसतो. सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग टाळा. त्याने ओल कोंडते आणि वरच्या हातभर भागात नवीन लोणा फुटतो. चुन्याचा गिलावा स्वतः झिजतो, पण भिंतीला वाळू देतो.

चित्रं असलेल्या भिंतींवर तर कधी जिवाणूंनाच कामाला लावतात. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या सांतोस हुआनेस चर्चमधल्या भित्तिचित्रांवरचे नायट्रेट काढायला स्यूडोमोनास स्टुट्झेरी वापरला गेला. घरच्या तळघरात हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

तब्येतीचं विचारलं नाहीत, तरी सांगते: मीठप्रेमी आर्कियांनी माणसाला आजार दिल्याचं माहीत नाही, पण ओल्या तळघरात बुरशीही असतेच, तेव्हा झाडताना नाकातोंडाला मास्क लावा. आणि डागाच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहून ठेवा. पुढच्या दमट दिवसांत रंग रेघेबाहेर गेला, तर ओल अजून चालू आहे.